तीन आण्यांत दोन मैल

मागच्या महिन्यातली गोष्ट. शनिवारची रात्र, मल्टिप्लेक्स, दोन तिकिटं, एक पॉपकॉर्न, म्हणजे खिशाला नेहमीचा खड्डा. सिनेमा परदेशी, खाली इंग्रजी सबटायटल्स. पडद्यावर एकदम सीरियस प्रसंग चाललेला आणि आमच्या मागच्या रांगेत अखंड कुजबुज. वळून पाहिलं तर पस्तिशीची एक बाई शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या कानाशी लागून एकेक सबटायटल मराठीत सांगत होती. दहा मिनिटं सहन केलं. मग मी (होय, मीच) मागे वळून ‘शुक्’ केलं. कुजबुज थांबली. इंटरव्हलनंतर त्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आजीकडे गेले तेव्हा हा किस्सा मी तक्रारीच्या सुरात सांगितला. लोकांना थिएटर एटिकेट्सच नाहीत वगैरे. आजीचं वय पंच्याऐंशी. एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने सोयीपुरतं येतं. हे मात्र तिला नीट ऐकू आलं.

‘अगं, आमचे नाना हेच करायचे की,’ ती म्हणाली.

नाना म्हणजे तिचे वडील. गिरगावातल्या चाळीत वाढलेले. अकरा वर्षांचे असताना ते आपल्या आईला घेऊन फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ बघायला गेले होते. आईला अक्षरओळख नव्हती. मूकपटात मधेमधे पाट्या यायच्या, त्या नाना मोठ्याने वाचायचे. आईसाठी वाचायचे, पण सगळी रांग कान देऊन ऐकायची. ‘आणि कुणी त्यांना शुक्‌बिक् केलं नाही हो,’ आजीने शेवटचा ठोसा लगावला.

मला खरं तर मूकपट म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते चॅप्लिनचं फास्ट चालणं आणि एक प्रकारची शांतता. मास कॉमच्या दुसऱ्या सेमिस्टरला आम्हाला फिल्म हिस्टरी होती, त्यात तारखा पाठ केल्या होत्या. थिएटरात बसलेल्या माणसांबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणून ठरवलं, की एका रविवारी ती थिएटर्स शोधत फिरायचं. ग्रुपवर टाकलं. अकरा जणांपैकी दोघांनी अंगठा दाखवला, बाकीच्यांनी मूकपटाला साजेसं मौन पाळलं. प्रत्यक्षात आला एकच, माझा फोटोग्राफर मित्र, तोही नाश्ता माझ्याकडून या अटीवर.

आधीच सांगून ठेवते, या भटकंतीत सेल्फी काढण्यासारखं फार काही नाही. बरंचसं डोळे मिटून बघावं लागतं.

एक रुपयाची आगगाडी

सुरुवात काळा घोड्याला. रविवारी सकाळी साडेसातला हा भाग आपला वाटतच नाही. कॅफे बंद, पार्किंगवाले झोपलेले, आणि समोर एस्प्लनेड मॅन्शन. म्हणजे एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. बिडाचा अख्खा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने मुंबईत आणला आणि १८६० च्या दशकात इथे मेकॅनोच्या खेळण्यासारखा जोडला. आता तिच्याकडे बघून ते ऐश्वर्य खरं वाटत नाही. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला, २०१९ मध्ये कोर्टाच्या आदेशाने रहिवाशांना आणि ऑफिसांना बाहेर पडावं लागलं. पाडायची की वाचवायची यावर इंजिनीयर आणि हेरिटेजवाले दोन बाजूंना उभे राहिले.

याच इमारतीत ७ जुलै १८९६ ला, मंगळवारी, भर पावसाळ्यात हिंदुस्थानात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला. ल्युमिए बंधूंचा माणूस मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत मुंबईला उतरला. संध्याकाळी सहा, सात, नऊ आणि दहा असे चार खेळ. तिकीट एक रुपया. सहा फिल्म्स, प्रत्येकी मिनिटभराच्या आतबाहेर. एकीत आगगाडी स्टेशनात येते. दुसरीत भिंत पाडतात. आणि तिसरीत, हे मला फार आवडलं, सुटी झाल्यावर कामगार फॅक्टरीतून बाहेर पडतात. म्हणजे आपल्या देशातल्या पहिल्या पब्लिकने पडद्यावर जे पाहिलं, त्यात ‘ऑफिस सुटलं’ हा सीन होता! साडेसहाला लिफ्टसमोर उभं राहताना आठवून बघा.

पण वॉटसन्स गोऱ्या साहेबांचं हॉटेल. रुपया म्हणजे सोळा आणे, आणि सोळा आणे त्या काळी गिरणी कामगाराला मिनिटभराच्या आगगाडीवर उधळण्यासारखे नव्हते. खरी गंमत पुढच्याच आठवड्यात झाली. खेळ बोरीबंदरजवळच्या नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि काही दिवसांत तिकिटांचे वेगवेगळे दर लागले, चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. पडदानशीन बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळे बॉक्स ठेवले. म्हणजे सिनेमा शहरात येऊन महिना होतो न होतो तोच त्याला पुढची स्वस्त जागा, मागची महाग जागा आणि बायकांची बाजू हे सगळं चिकटलं. एका खोलीत चार आणेवाला आणि दोन रुपयेवाला एकच गोष्ट बघताहेत, एकाच क्षणी दचकताहेत. या शहरात अशा जागा तेव्हा किती असतील? (आता किती आहेत, हा प्रश्न मित्राने विचारला. मी त्याला चहा पाजला.)

काळा घोड्याहून चालत दादाभाई नौरोजी रोडने सीएसएमटीला या. स्टेशनासमोर कॅपिटॉल सिनेमाची इमारत दिसते. तिचं जुनं नाव गेयटी. इथे थांबायचं ते सावेदादांसाठी. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, फोटोग्राफर. ल्युमिएंचा खेळ बघून या माणसाला असा किडा चावला, की त्याने थेट विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्तीची दंगल लावून चित्रित केली आणि फिल्म धुवायला परत विलायतेला पाठवली. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन र. पु. परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मुंबईत उतरले, तेही सावेदादांनी टिपलं. आपल्याकडची ही पहिली न्यूजरील म्हणतात. पुढे हाच माणूस गेयटी थिएटर चालवायला लागला. कॅमेरा हातात घेतलेला आपला पहिला माणूस शेवटी थिएटरवाला झाला, हे मला त्याच्या सगळ्या पहिलेपणापेक्षा जास्त बोलकं वाटतं. फिल्म बनवण्यात पैसा जात होता. येत होता तो दारावर.

पायाने कसरत, मग हरिश्चंद्र

इथून गिरगाव. पूर्वी बसने किंवा टॅक्सीने जावं लागायचं, आता भुयारी मेट्रोने सीएसएमटीहून काळबादेवी आणि मग गिरगाव. वर आलात, की हवा बदलते. भजी तळल्याचा वास, जिन्यात वाळत घातलेले कपडे, आणि दर चार इमारतींमागे एक टॉवर.

नाश्ता झाला (बिल माझं, ठरल्याप्रमाणे). मग आम्ही सरदार वल्लभभाई पटेल रोड धरला. जुनं नाव सँडहर्स्ट रोड. याच रस्त्यावर गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ अँड व्हरायटी हॉल होता. थिएटरांची नावं तरी बघा. कॉरोनेशन, इम्पीरियल, एम्पायर, एडवर्ड, अलेक्झांड्रा, रॉयल. सगळा इंग्लंडचा राजवाडा मुंबईत उतरलेला. आणि त्या कॉरोनेशनमध्ये शनिवारी, ३ मे १९१३ ला लागला आपला ‘राजा हरिश्चंद्र’. त्याआधी २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिम्पियात खास निमंत्रितांसाठी खेळ झाला होता, पण तिकीट काढून आलेली माणसं पहिल्यांदा बसली ती कॉरोनेशनला.

जागेवर आज काय आहे म्हणाल तर दुकानं आहेत, गर्दी आहे. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो आणि मी मोबाइलवर जपून ठेवलेला त्या खेळाचा कार्यक्रम मित्राला वाचून दाखवला. सुरुवातीला मिस आयरीन डेल मार यांचा नाच. मग मॅक्लेमेंट्स मंडळींचं विनोदी प्रहसन. मग अलेक्झांडर नावाचा पायाने कसरती करणारा खेळाडू. मग विनोदी फिल्म्स. आणि मग हरिश्चंद्र! मित्र म्हणाला, ही तर गॅदरिंगची रूपरेषा झाली. बरोबरच आहे. नुसत्या सिनेमासाठी माणूस घराबाहेर पडेल याची कुणाला खात्री नव्हती. तो पडला. एरवी आठवड्यात बदलणारा खेळ तेवीस दिवस चालला.

तारामती झाले होते अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका खानावळीतले आचारी. बाई मिळेना म्हणून फाळके नायकिणींकडेही जाऊन आले होते. त्यांनीही नकार दिला. स्वतःच्या घरात सरस्वतीबाई मात्र काम करत होत्या, पडद्यावर नव्हे, पडद्यामागे. शूटिंगच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं, रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायची, आणि साठसत्तर माणसांचा स्वयंपाक. टायटल्समध्ये नाव नाही. हे वाक्य लिहून मी पुढे जाते, नाहीतर लेख दुसरीकडेच जाईल.

आमच्या जाहिरात क्षेत्रातल्या मित्रमैत्रिणींसाठी एक किस्सा. ‘हरिश्चंद्र’ सुरतेत लागला तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला म्हणे तीन रुपये. कारण साधं होतं. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तास नाटक बघायची सवय, आणि हा माणूस तीन आणे घेऊन दीड तासात घरी पाठवतो! फाळक्यांनी तिकीट कमी केलं नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं अवघ्या तीन आण्यांत. गल्ला वाढला. मी सहज हिशोब करून पाहिला. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात. सत्तावन्न हजार भागिले सोळा, म्हणजे साडेतीन हजार फुटांच्या थोडं वर. मैल होतो पाच हजार दोनशे ऐंशी फुटांचा. सत्तावन्न हजार खरे, पण दोन मैल? छे, पाऊण मैलसुद्धा नाही! दादासाहेब, मान गये.

फाळक्यांना स्वतःला हा नाद लागला तोही गिरगावातच. १९१०-११ च्या सुमाराला अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशूच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. डोळ्यांसमोर येशू होता आणि मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या चाललं होतं, असं त्यांनी पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. दुसऱ्यांदा सरस्वतीबाईंना घेऊन गेले, त्यासाठी पैसे शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागले. आपल्याकडचा पहिला सिनेमा एका थिएटरच्या खुर्चीत जन्मला, आणि ती खुर्ची उधारीची होती.

मूक म्हणजे किती मूक?

आता मूळ मुद्दा. नाना मोठ्याने वाचत होते, ते अपवाद होते का? अजिबात नाही.

मूकपटाचं थिएटर म्हणजे आपल्या कल्पनेतलं शांत थिएटर नव्हतंच. मुळात दाराबाहेर बँड. पडद्याच्या खाली एका बाजूला पेटी आणि तबला, साहेबी थिएटरात पियानो नाहीतर छोटा ऑर्केस्ट्रा. मारामारी आली की तबला चढायचा, भक्तिप्रसंग आला की पेटी ओढायची. बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टर एकच असल्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे, आणि दुसरं चढेपर्यंत सोडा, पान, शेंगदाणे. प्रोजेक्टर हाताने फिरवायचा. ऑपरेटरचा हात दुखला की पडद्यावर रामसुद्धा दमलेला दिसायचा. काही थिएटरांत पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट समजावून सांगायचा. आणि जिथे तो नसे तिथे आमच्या नानांसारखी शाळेत जाणारी पोरं होती.

पाट्या बहुधा एकापेक्षा जास्त भाषांत असायच्या, मुंबईत इंग्रजीच्या जोडीला हिंदी, गुजराती, उर्दू किंवा मराठी. प्रत्येकजण आपापली ओळ वाचणार, मोठ्याने, आपल्या माणसासाठी. कल्पना करा, एका पाटीवर थिएटरच्या चार कोपऱ्यांतून चार भाषा. गुजराती शेठजी एक सांगताहेत, मराठी पोरगा दुसरं, आणि मधे पेटी.

१९१७ चा ‘लंका दहन’ तर कहर. साळुंके एव्हाना इतके तरबेज झाले होते की राम तेच आणि सीताही तेच! गिरगावच्या वेस्ट एण्ड सिनेमात सकाळी सातपासून खेळ सुरू व्हायचे ते रात्र उलटेपर्यंत. पडद्यावर राम आला की लोक हात जोडायचे, कुणी लोटांगण घालायचे. पुढे ज्यांनी वाडिया मूव्हीटोन काढली ते जे. बी. एच. वाडिया यांनी हा चित्रपट तेव्हा पाहिला होता, आणि मारुती उडताना लहान लहान होत जातो ते दृश्य त्यांच्या आठवणीत कायमचं राहिलं. मद्रासकडे म्हणे चिल्लर पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, सोबत पोलीस. चिल्लर हा शब्द महत्त्वाचा. नोटा नव्हेत. हा धंदा आण्यांवर उभा होता.

पुणेकरांनी रागावू नये, तुमचाही हक्क मान्य. ‘लंका दहन’ पुण्यात लागला तो मंडईजवळच्या आर्यन सिनेमात. गंगाधरपंत पाठकांनी ते थिएटर १९१५ मध्ये सुरू केलं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ १९२० मध्ये तिथेच झळकली. १९८३ मध्ये आर्यन पाडलं. मंडईत गाडी लावताना तुम्ही ‘आर्यन पार्किंग’ म्हणता ना? ते हेच. गाडी लावता ती पुण्याच्या पहिल्या पडद्याच्या जागेवर.

टायपिस्ट, टेलिफोन आणि टॅक्स

गिरगावातून पुढे जगन्नाथ शंकरशेठ रोडला मॅजेस्टिक. मराठी माणसाला हे नाव पुस्तकांमुळे माहीत, पण बुक स्टॉलला नाव मिळालं ते शेजारच्या सिनेमावरून. हे थिएटर १९१८ मध्ये अब्दुलअली युसुफअली आणि अर्देशीर इराणी या जोडीने बांधलं. युसुफअली हा भन्नाट माणूस होता. तंबू आणि प्रोजेक्टर घेऊन ब्रह्मदेश, सिलोन, सिंगापूर, जावा पालथं घालून आलेला. त्याच्या तंबूत एका वेळी हजार माणसं बसायची. असा माणूस जेव्हा पक्कं थिएटर बांधतो तेव्हा समजायचं, की सिनेमा आता शहर सोडून जात नाही.

त्याच वर्षी फाळक्यांचा ‘श्रीकृष्ण जन्म’ इथे लागला. विसाच्या दशकात पडद्यावर देवांच्या जोडीला तुमच्याआमच्यासारखी माणसं यायला लागली. १९२६ मध्ये सुलोचनाचा ‘टायपिस्ट गर्ल’ आला, त्याच वर्षी ‘टेलिफोन गर्ल’ही. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, जी स्वतः आधी टेलिफोन ऑपरेटर होती! ‘टायपिस्ट गर्ल’ दिग्दर्शित केला चंदुलाल शहांनी, जे शेअर बाजारातून आले होते. त्यांच्याच १९२७ च्या ‘गुणसुंदरी’त नवरा ऑफिसातून दमून येतो, बायको घरातली गाऱ्हाणी सांगते, नवरा बाहेर रमतो, मग बायको ठरवते की आपणही बाहेर पडायचं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, वर्क-लाइफ बॅलन्सवरच्या वर्कशॉपची नाही.

हे सिनेमे बघायला आपल्यासारखीच ऑफिसातून सुटलेली माणसं आली असणार. पण यातला एकही आज बघता येत नाही. गेले. आपल्या देशात तेराशेच्या वर मूकपट बनले आणि उरले ते बोटांवर मोजावे इतके, त्यातलेही पुष्कळसे तुकडे. फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की पेट घेणार. जी जळली नाही ती सडली, जी सडली नाही ती तिच्यातल्या चांदीसाठी विकली गेली. ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा पुरता उरलेला नाही. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हसाठी पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून, भंगारवाल्यांकडून, जिथून मिळेल तिथून रिळं गोळा केली म्हणून काहीतरी शिल्लक आहे.

सरकारला त्या काळी फिल्म जपण्यापेक्षा बघणाऱ्यांची चिंता जास्त होती. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा, १९२० पासून मुंबईत सेन्सॉर, १९२३ पासून करमणूक कर. ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधी टोपीत दिसला तेव्हा १९२१ मध्ये मद्रास आणि कराचीत चित्रपटावर बंदी आली. पब्लिक अंधारात बसून काय ओरडतं याची साहेबाला बरोबर कल्पना होती. १९२७ मध्ये दिवाण बहादूर रंगाचारियार यांची समिती नेमली, तिने देशभर फिरून ३५३ जणांच्या साक्षी घेतल्या. त्यात थिएटरवाले होते, निर्माते होते, अधिकारी होते, शिकलेले सभ्य लोक होते. चार आणेवाल्याबद्दल सगळे बोलले. त्याला स्वतःला बोलावल्याचं फारसं दिसत नाही.

१४ मार्च १९३१ ला याच मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ लागला. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं, पोलीस बोलवावे लागले. इराणींनी आपल्याच थिएटरात बोलपट आणला आणि आपल्याच थिएटरातले पेटीवाले घरी बसवले. वाचणाऱ्या पोरांचीही गरज संपली. पडदा बोलायला लागला, तसं पब्लिकला गप्प बसायला शिकावं लागलं.

मॅजेस्टिक सिनेमा केव्हाच गेला. तिथे आज मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. मित्राने फोटो काढले, एका दुकानदाराने विचारलं, ‘मेट्रोवाले का?’

पुढे चालत रॉयल ऑपेरा हाऊस. या यादीत डोळे उघडे ठेवून बघण्यासारखं हे एकमेव ठिकाण. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, काही वर्षांत तिथेही फिल्म्स सुरू, नव्वदच्या दशकात कुलूप, आणि २०१६ मध्ये थाटात पुन्हा उघडलं. झुंबरं, बॉक्स, सोनेरी वेलबुट्टी. एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट काढून जाच. तिथून ग्रँट रोड ओलांडून पठ्ठे बापूराव मार्गावर गेलात, तर पिला हाऊस. प्लेहाऊसचं आपल्या लोकांनी पिला हाऊस केलं, आणि तेच टिकलं. नाटकांची थिएटर्स इथे एकाला एक लागून होती, तीच पुढे सिनेमाची झाली. कॉरोनेशन, अलेक्झांड्रा ही राजघराण्याची नावं पुसली गेली, पब्लिकने तोंडाने घडवलेलं नाव मात्र बसच्या कंडक्टरलाही माहीत आहे. इथे आम्ही फोटो काढले नाहीत. वस्ती राहती आहे, आणि कॅमेरा बघून बायका दार लोटून घेतात. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

दुपारी एकला घामाघूम होऊन आम्ही आजीकडे पोहोचलो. तिने आधी मॅजेस्टिकची जागा तपासून घेतली. ‘कुठल्या बाजूला उभे होतात? हां. बरोबर.’ मग मी लॅपटॉप काढला. ‘कालिया मर्दन’ हा १९१९ चा चित्रपट नशिबाने बराचसा शिल्लक आहे. कृष्ण झालीय मंदाकिनी, फाळक्यांची मुलगी, जेमतेम सात वर्षांची. सुरुवातीला ती कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, रडते, हसते, रागावते, आणि मग तिचा कृष्ण होतो. आजीने नानांकडून ऐकलेला हा चित्रपट पंच्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला.

आवाज नाही म्हणून तिने कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. पहिली पाटी आली. ती मोठ्याने वाचायला लागली. ऐकू येत नसल्यामुळे चांगलीच मोठ्याने. पाटी सरायच्या आत वाचून होईना, म्हणून मी दर वेळी पॉझ करायला लागले. दोन पाट्या झाल्यावर स्वयंपाकाच्या मावशी पोळ्या अर्धवट टाकून, हाताला पीठ तसंच, दारात येऊन उभ्या राहिल्या. मित्राला त्या सांगत होत्या की त्यांच्या गावच्या जत्रेत असा पडदा लागायचा. आजीने मान वर केली आणि बोटाने मावशींना आत यायची खूण केली.

‘बसा इथे,’ ती म्हणाली. ‘वाचून दाखवते.’

मावशी जमिनीवर बसल्या. मी पुढची पाटी थांबवून धरली.